पंधराचा डबा: किलोचा का लिटरचा?

दिवाळी जवळ आली की सांगलीत गणपती पेठेत तेलाच्या दुकानांपुढं एकच प्रश्न ऐकू येतो, "पंधराचा डबा केवढ्याला?" एक दुकानदार एक आकडा सांगतो, पलीकडचा दुसरा सांगतो, शंभर-दीडशेचा फरक निघाला की पाय आपोआप स्वस्ताकडं वळतात. पण पंधरा म्हणजे काय, किलो का लिटर, हे बहुतेक जण विचारतच नाहीत. आणि दुकानदार पण आपणहून सांगत नाही, त्याला काय पडलंय. दोन्ही डबे दिसायला सारखेच पत्र्याचे, वर तेच सूर्यफूल नाहीतर तीच शेंग छापलेली.

मुळात गोंधळ होतो पाण्यामुळं. पाणी १ लिटर म्हणजे १ किलो हे शाळेपासून डोक्यात बसलंय, म्हणून लिटर आणि किलो आपल्याला एकच वाटतं. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे हलकं असतं. सोयाबीन, सूर्यफूल, शेंगतेल, कुठलंही घ्या, १ लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम. तेलाप्रमाणं पाच-दहा ग्रॅम इकडं तिकडं, पण हिशेबाला ९१० धरायला हरकत नाही. उलटं बघितलं तर १ किलो तेल म्हणजे जवळपास १.१ लिटर.

पाकिटाला ९० ग्रॅमचा फरक काही वाटत नाही, डब्याला वाटतो. १५ लिटरच्या डब्यात तेल असतं १३ किलो ६५० ग्रॅम आणि १५ किलोच्या डब्यात असतं जवळपास साडेसोळा लिटर. म्हणजे एका डब्यात दुसऱ्यापेक्षा १ किलो ३५० ग्रॅम तेल जास्त, आणि बोलताना दोन्ही "पंधराचाच".

आता समजा (भाव हिशेबापुरते धरलेत, आजचा दर पेठेत विचारा) १५ किलोचा डबा २,२५० रुपयांना आहे आणि १५ लिटरचा २,१०० ला. दीडशे वाचले म्हणून लिटरचा उचलला, तर पहिला डबा किलोला १५० नं पडला असता, हा पडला जवळपास १५४ नं. दीडशे रुपये वाचले नाहीतच, तेवढ्याचं तेल कमी मिळालं आणि वर किलोमागं चार रुपये जादा गेले. दुकानात उभ्या उभ्या करायचा हिशेब सोपा आहे, लिटरच्या दरात दहा टक्के मिळवायचे की किलोचा दर आला. १४० रुपये लिटर, त्यात १४ मिळवले की १५४. कॅल्क्युलेटर काढायची पण गरज नाही.

खरी मजा येते डबा वाटून घेताना. बचत गटातल्या किंवा एकाच गल्लीतल्या पाच बायका मिळून डबा आणतात, त्यात पैसे वाचतात यात वाद नाही. पण वाटायचं कशानं? डबा १५ किलोचा असेल आणि लिटरच्या मापानं प्रत्येकीला तीन-तीन लिटर घातलं, तर पाचही कॅन भरून डब्यात दीड लिटरच्या आसपास तेल उरतं. मग ते कुणाचं यावर चर्चा, "असू दे वैनी, तुमच्याकडं डबा उघडला, तुम्हीच ठेवा," आणि वैनी पण लगेच हो म्हणत नाहीत, मनातून हवं असलं तरी. डबा लिटरचा असेल आणि काट्यावर मोजून तीन-तीन किलो दिलं तर याच्या उलट. चौघींचं नीट होतं आणि पाचवीच्या कॅनमध्ये पडतं १ किलो ६५० ग्रॅम. तिनं पैसे सगळ्यांएवढेच दिलेले असतात. अशा वेळी दुकानदारानं फसवलं असं वाटतं, खरं तर त्यानं फसवलेलं नसतं, डबा एका मापाचा आणि वाटणी दुसऱ्या मापानं एवढंच झालेलं असतं. म्हणून किलोचा डबा काट्यावर वाटा, लिटरचा डबा मापानं. आणि अख्खा डबा काट्यावर ठेवून वजन बघणार असाल तर पत्र्याचं वजन वजा करायचं विसरू नका, लेबलवरचं निव्वळ वजन नुसत्या तेलाचं असतं.

पाकिटांचं तर आणखीनच झालंय. आधी पॅकबंद तेलाची मापं ठरलेली असायची, अर्धा, एक, दोन, पाच अशी. ती अट सरकारनं काढली, तेव्हापासून ८००, ८५०, ८७० ग्रॅम अशी पाकिटं दिसतात आणि लांबून बघितलं तर सगळी एक लिटरचीच वाटतात. १ लिटरचं पाकीट १४० ला आणि शेजारी ८५० ग्रॅमचं १३३ ला. सात रुपये स्वस्त! पण ८५० ग्रॅमला १३३ म्हणजे किलोला १५६ च्या वर, आणि लिटरचं पाकीट किलोला १५४ च्या आत. महाग वाटणारं पाकीटच स्वस्त निघालं.

या घोळावर उपाय म्हणून आता पाकिटावर एमआरपीसोबत युनिट सेल प्राइस छापायला लागते, म्हणजे किलो-लिटरच्या आतल्या पाकिटावर एका ग्रॅमला किंवा एका मिलिलिटरला किती पडलं ते, आणि त्याहून मोठ्यावर किलोला किंवा लिटरला. चांगला नियम आहे, डाळ, साखर, चहा पावडर घेताना मी तोच आकडा आधी बघतो. पण तेलाला तोच आकडा घात करतो, कारण लिटरमधल्या पाकिटाचा दर लिटर-मिलिलिटरवर असतो आणि ग्रॅमच्या पाकिटाचा ग्रॅमवर. समजा दोन्ही पाकिटं किलो-लिटरच्या आतली, मिलिलिटरच्या एकावर ०.१४, ग्रॅमच्या दुसऱ्यावर ०.१६, बघणारा म्हणतो केवढा फरक, आणि त्यातला बराचसा फरक नुसता मापाचा असतो. शिवाय दोनच दशांशापर्यंत आकडा, म्हणजे ०.१५६ चा पण ०.१६ होतो. तेलाच्या बाबतीत सरळ पाकीट उलटं करून ग्रॅममधलं वजन शोधायचं आणि त्यावरच तुलना करायची.

वजनावरच का, तर तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं १ लिटर तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९२.६ ग्रॅम. काही कंपन्या लेबलवर बारीक अक्षरात ६० अंश तापमान लिहायच्या आणि त्या हिशेबानं लिटर भरायच्या. साठ अंश! आपल्याकडं मे महिन्यात मिरज-सांगलीत अंगाची काहिली होते तरी पारा तिथं जात नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की तापमान न लिहिता माप लिहा आणि सोबत वजन पण छापा, त्याला १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली. म्हणून आता बहुतेक पाकिटांवर १ लिटरच्या खाली ९१० ग्रॅम लिहिलेलं दिसतं.

लाकडी घाण्यावर पण हेच विचारा. एक घाणेवाला किलोनं दर सांगतो, दुसरा लिटरनं, आणि शेंगतेल महाग असल्यानं दहा टक्क्यांचा फरक तिथं जास्त लागतो. घरचे शेंगदाणे नेऊन तेल काढून आणणार असाल तर साधारण अडीच किलो दाण्याला एक किलो तेल निघतं, आणि ताज्या तेलात गाळ असतो, तो बसू द्या आणि मग वजन करा. तुपाचं गणित तेलासारखंच. गावाकडचं तूप किलोनं मिळतं, डेअरीचं पाकीट असतं लिटरनं, ६५० रुपये लिटर आणि ७०० रुपये किलो यात किलोचंच स्वस्त.

काकवी आणि मध मात्र उलटे. ते पाण्यापेक्षा जड, १ लिटर मध १ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो, काकवी पण तशीच, सव्वा किलोच्या वर. गुऱ्हाळावर कुणी पाण्याची लिटरची बाटली भरून काकवी १२० ला देत असेल आणि दुसरा १०० रुपये किलोनं, तर बाटलीवाल्याकडून घ्या, ती किलोला शंभराच्या आतच पडते. दुधाचा फरक किरकोळ, १ लिटर म्हणजे १ किलो ३० ग्रॅम, रोजच्या रतिबाला त्याचा विचार नाही केला तरी चालतं.

राहिला प्रश्न डबा घ्यावा का पाकिटं. महिन्याला चार लिटर तेल लागणाऱ्या घरात १५ किलोचा डबा चार महिने पुरतो, लिटरचा त्याआधीच आठवडाभर संपतो. चार महिने उघडा डबा गॅसच्या शेजारी ठेवला तर शेवटचं तेल खवट व्हायची भीती, तेव्हा घरात दोन-तीनच माणसं असतील तर मी तरी डबा घेणार नाही, पाच लिटरचा कॅन घेईन, तो साडेचार किलोचा असतो हे धरून. डबाच घ्यायचा असेल तर दुकानदाराला एकदा स्पष्ट विचारा, "किलोचा ना?" आणि तो हो म्हणाला तरी लेबल वाचा.