अन्न, वस्त्र, निवारा आणि यादीतून राहून गेलेलं

माणसाच्या मूलभूत गरजा कोणत्या, असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर आपसूक तोंडातून निघतं: अन्न, वस्त्र, निवारा. उत्तर चूक नाही, पण त्यात हवा नाही, झोप नाही आणि पाणीही अन्नाच्या पदराआड लपलेलं आहे. अन्नावाचून माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्यावाचून काही दिवस, हवेवाचून मोजकी मिनिटं. म्हणजे जी गरज सगळ्यांत तातडीची, तीच यादीतून गळाली.

याचं एक सरळ कारण आहे. ही यादी कष्टाने मिळवाव्या लागणाऱ्या गोष्टींची आहे आणि हवा कुणाला मिळवावी लागत नाही. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. शरीर काही गरजांसाठी आकांत करतं आणि काहींबद्दल चकार शब्द काढत नाही. भूक लागली हे तान्ह्या बाळालाही कळतं. जे शरीराने सांगितलंच नाही ते माणसाला शोधून काढावं लागलं, आणि तो शोध बहुतेक वेळा कुणाच्या तरी मरणातून लागला.

हवेचंच घ्या. रॉबर्ट बॉइलने १६६० च्या सुमारास पंपाने काचपात्रातली हवा उपसून काढली, तेव्हा आतली मेणबत्ती विझली आणि आत ठेवलेला पक्षीही मेला. पुढे १७७४ मध्ये जोसेफ प्रीस्टलीने ऑक्सिजन वेगळा केला. आंत्वान लाव्हाझिएने बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि श्वसन म्हणजे एक संथ ज्वलनच आहे, असा निष्कर्ष काढला. ऑक्सिजन लागतो, हे तर कळलं. तो कमी पडला तर शरीर आपल्याला सांगेल का, हा प्रश्न तोवर कुणी नीट विचारला नव्हता.

१५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून ‘झेनिथ’ नावाचा बलून वर निघाला. त्यात तिघं होते: गास्तों तिसांदिए, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. विरळ हवेत काय होतं याचा अभ्यास करणाऱ्या पोल बेअर यांच्या सल्ल्यावरून त्यांनी ऑक्सिजन मिसळलेल्या हवेच्या पिशव्याही बरोबर घेतल्या होत्या. हा साठा पुरणार नाही असं बेअर यांनी पत्राने कळवलं, पण पत्र पोचेपर्यंत उशीर झाला होता. साठा थोडा आहे म्हणून तिघांनी तो अगदी लागेल तेव्हाच वापरायचं ठरवलं. साडेसात हजार मीटरच्या आसपास तिसांदिए यांना वाटलं, आता नळी तोंडाला लावावी. पण हात उचलेना. घुसमट नव्हती, वेदना नव्हती. उलट मनात एक प्रकारचा आनंद दाटला होता, असं त्यांनी नंतर लिहून ठेवलं. मग शुद्ध हरपली. ते भानावर आले तेव्हा दोन्ही सोबती मरण पावले होते. प्राणवायू हाताच्या अंतरावर होता, पण तो हवाय हे शरीराने सांगितलं नाही.

असं का होतं, याचा उलगडा बऱ्याच अंशी १९०५ मध्ये झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिलं की एरवी श्वासाची गती ठरते ती फुफ्फुसातल्या कार्बन डायऑक्साइडवरून. श्वास रोखून धरला की जी तगमग होते, ती मुख्यतः हा वायू साठल्यामुळे होते. ऑक्सिजन घटत गेला आणि कार्बन डायऑक्साइड मात्र उच्छ्वासाबरोबर बाहेर पडत राहिला, तर माणूस शांतपणे बेशुद्ध होऊ शकतो. याच हॉल्डेन यांनी खाणीत विषारी कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी लहान प्राणी-पक्षी सोबत ठेवायला सुचवलं. छोट्या पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी माणसाच्या आधी कोसळायचा, आणि तेवढ्या वेळात खाणकामगारांना बाहेर पडता यायचं. ब्रिटनमधल्या खाणींतून हे पक्षी १९८६ मध्ये निवृत्त झाले. स्वतःच्या शरीराने न दिलेला इशारा माणसाने दुसऱ्या जिवाकडून उसना घेतला होता.

पाण्याची गोष्ट थोडी निराळी. तहान लागते, पण ती हिशेबाला कच्ची आहे. शरीरातून किती पाणी नकळत निघून जातं, याचा माग पहिल्यांदा चिकाटीने काढला तो सांतोरिओ सांतोरिओ या इटालियन वैद्याने. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो स्वतःचं वजन, खाल्लेलं अन्न, प्यायलेलं पाणी आणि मलमूत्र, सगळं तोलत असे. तीसेक वर्षं त्याने हे केलं. १६१४ मध्ये त्याने मांडलं की पोटात गेलेल्या दर आठ भागांपैकी सुमारे पाच भाग डोळ्यांना न दिसता त्वचेतून आणि श्वासातून निघून जातात. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडवर्ड अडॉल्फ यांनी वाळवंटात सैनिकांवर मोजमापं घेतली. समोर भरपूर पाणी असूनही घामावाटे गेलेलं सगळं पाणी माणूस लगेच पीत नाही, तहान आधीच भागल्यासारखी वाटते, हे त्यांना दिसलं. त्यांनी आणखी एक गैरसमज खोडला. पाणी जपून घोट घोट प्यायल्याने शरीराला लागणारं पाणी कमी होत नाही. उष्णतेत घाम गाळायचा तेवढा गाळावाच लागतो.

अन्नाच्या बाबतीत शरीर सगळ्यांत जास्त बोलतं, आणि इथेच ते सगळ्यांत मोठा चकवा देतं. पोट भरलं की भूक शमते. त्या अन्नात काय नव्हतं, हे पोटाला कळत नाही. लांबच्या सफरीवरचे खलाशी सुकी बिस्किटं आणि खारवलेलं मांस खाऊन मरत होते. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या. १७४७ मध्ये जहाजावरचा वैद्य जेम्स लिंड याने स्कर्व्हीचे बारा रुग्ण निवडले, दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला: कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली. तेवढ्यात त्या दोघांपैकी एक कामावर रुजू होण्याजोगा झाला आणि दुसऱ्याला उरलेल्यांच्या शुश्रूषेला नेमलं. इतकं स्पष्ट दिसूनही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडलं. त्या मधल्या ४८ वर्षांत जे खलाशी गेले, त्यांचा विचार मनातून जात नाही.

हा उशीर निव्वळ हलगर्जीचा नव्हता. रोग म्हणजे शरीरात काहीतरी वाईट शिरणं, अशीच सर्वांची समजूत होती. काहीतरी नसल्यामुळे माणूस मरतो, हे डोक्यात शिरणं अवघड होतं. जावामध्ये क्रिस्तियान आइकमान हातपाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लष्करी इस्पितळातला पॉलिश केलेल्या तांदळाचा उरलेला भात खाऊन लुळ्या पडल्या. मग नव्या स्वयंपाक्याने लष्कराचा भात या कोंबड्यांना द्यायचं नाकारलं, त्यांना कोंडा पुरता न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. तरीही तांदळात काही विष असेल आणि कोंड्यात त्यावर उतारा असेल, असंच आइकमान यांना वाटत होतं. कोंड्यात एक आवश्यक घटक आहे आणि तोच कमी पडतोय, हे १९०१ मध्ये त्यांचे सहकारी ग्रेन्स यांनी मांडलं. १९१२ मध्ये कासिमिर फुंक यांनी अशा घटकांना ‘व्हिटामिन’ हे नाव दिलं.

वस्त्र आणि निवारा या दोन्ही मुळात एकाच गरजेच्या बाजू आहेत: शरीर ३७ अंशांच्या आसपास ठेवणं. कपड्यांत राहणारी ऊ डोक्यातल्या उवेपासून कधी वेगळी झाली, याच्या जनुकीय अभ्यासावरून माणूस निदान ८३ हजार वर्षांपासून, कदाचित १ लाख ७० हजार वर्षांपासून कपडे घालत असावा, असा अंदाज २०११ मध्ये मांडला गेला. उष्णतेचा प्रयोग लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी केला. उकळत्या पाण्याहून जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत ते काही मिनिटं थांबले. त्याच हवेत ठेवलेली अंडी कडक शिजली, मांस वाळलं, त्यांच्या शरीराचं तापमान मात्र जवळपास जिथल्या तिथे राहिलं. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो, ही त्यातली खरी गोम. हवा दमट असती तर हे जमलं नसतं.

झोपेकडे सगळ्यांत उशिरा लक्ष गेलं. १८९४ मध्ये मारी दे मानासेइन यांनी कुत्र्याच्या पिल्लांना झोपू दिलं नाही, तर ती काही दिवसांतच मेली. १९८० च्या दशकात शिकागोत जागत्या ठेवलेल्या उंदरांचंही तेच झालं. ते जास्त खात होते, तरी वजन घटत होतं, आणि काही आठवड्यांत ते मेले. शवविच्छेदनात मृत्यूचं एकच असं कारण सापडलं नाही.

या सगळ्या गरजा एका चौकटीत बसवायचा प्रयत्न १९४३ मध्ये अब्राहम मास्लो यांनी केला. शारीरिक गरजा त्यांनी पायाशी ठेवल्या. (तो प्रसिद्ध पिरॅमिड त्यांनी काढलेला नाही, तो नंतर इतरांनी काढला.) दीर्घकाळ उपाशी असलेल्या माणसाला अन्नापलीकडचं काही दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग सुरू केला. हे सगळे युद्धात लढायला नकार दिलेले, स्वतःहून पुढे आलेले. सहा महिने त्यांना साधारण निम्म्या अन्नावर ठेवलं. वजन सुमारे चतुर्थांशाने घटलं. ते थाळ्या चाटायचे, जेवण तासन् तास लांबवायचे, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. मग पोटभर अन्न सुरू झालं. पोटात आणखी घास मावत नव्हता, तरी त्यांतले काही जण आपण अजून उपाशी आहोत असं सांगत राहिले, आणि हे महिनोन् महिने चाललं.