सममिती आणि समतोल : स्टारड्यू व्हॅलीतील शेताच्या मांडणीत होणारी गल्लत

एरिक बॅरोन यांनी एकट्याने घडवलेला आणि २६ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झालेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळणारे बहुतेक जण पहिल्या वर्षी फक्त पीक आणि पैसा पाहतात. हाती थोडी सवड आली, की आपले शेत देखणे दिसावे असे त्यांना वाटू लागते. त्या वेळी केला जाणारा पहिला प्रयत्न जवळजवळ ठरलेला असतो : मधोमध एक रुंद पायवाट, डावीकडे गोठा म्हणून उजवीकडेही गोठा, इकडे सहा झाडे म्हणून तिकडेही सहा. एवढे करूनही शेत ओकेबोके किंवा एका अंगाला कललेले का दिसते, हे मात्र उमगत नाही. सममिती आणि समतोल या दोन गोष्टी एकच आहेत, असे त्यात गृहीत धरलेले असते आणि चूक तिथेच होते.

सममिती ही मोजता येणारी गोष्ट आहे. एक अक्ष ठरवावा आणि त्याच्या एका बाजूला जे आहे तेच दुसऱ्या बाजूला आरशात पाहिल्यासारखे असावे, एवढीच तिची अट असते. समतोल मोजून मिळत नाही, कारण तो डोळ्याला जाणवणाऱ्या वजनाचा हिशेब असतो. मोठी इमारत जड वाटते, गडद रंग जड वाटतो, दाट झाडी जड वाटते. मोकळे गवत हलके वाटते, पाणी त्याहूनही हलके. एका बाजूच्या गोठ्याला दुसऱ्या बाजूची फळझाडांची रांग आणि तिच्याजवळच्या चार मधपेट्या मिळून तोलून धरू शकतात, जरी दोन्हींत एकही वस्तू समान नसली तरी. सममिती साधली की समतोल बहुधा आपोआप येतो, हे खरे आहे. पण समतोलासाठी सममिती लागतेच असे नाही, आणि या खेळात तर सममिती पुरती साधणेच अवघड आहे.

ते अवघड का, हे नीट पाहण्यासारखे आहे. प्रमाणित शेताचा, म्हणजे खेळातल्या शेतांच्या सर्वांत साध्या प्रकाराचा, नकाशा ८० बाय ६५ चौकोनांचा आहे (खेळातली जमीन अशा सारख्या चौकोनांत विभागलेली असते), परंतु घर त्याच्या मध्यावर नसून वरच्या उजव्या भागात आहे. मोडकळीला आलेले काचघर घराच्या डावीकडे आहे, आणि तळ्यांच्या जागा व आकार यांची जोडी कशाशीच जुळत नाही. म्हणजे घराच्या दारातून खाली अक्ष ओढला, तर डावीकडे उजवीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त जमीन उरते. २०१९ मध्ये १.४ या आवृत्तीबरोबर आलेले चार कोपऱ्यांचे शेत वरवर सममित वाटते खरे, पण त्याच्या एका भागात मोठे खोड आहे, एकात खाणीसारखी जागा आहे आणि एकात मासेमारीचे तळे आहे.

दुसरी अडचण इमारतींची आहे. या खेळात इमारत फिरवता येत नाही आणि उलटवताही येत नाही; प्रत्येकीचे तोंड खालच्या दिशेलाच राहते. गोठा ७ बाय ४ चौकोनांचा असतो आणि माणसाने आत जायचे त्याचे दार मध्यावर नसून डावीकडे असते. त्यामुळे पायवाटेच्या दोन्ही अंगांना एकेक गोठा बांधला, तरी एकाचे दार पायवाटेपासून दूर आणि दुसऱ्याचे जवळ पडते, आणि दाराकडे जाणाऱ्या लहान वाटा काढल्या की आरशातली जोडी तिथेच मोडते. कोंबड्यांचे खुराडे ६ चौकोन रुंद, म्हणजे सम संख्येचे, असल्यामुळे एका चौकोनाच्या पायवाटेवर ते नेमके मध्ये बसवताच येत नाही.

तिसरे कारण दृष्टीचे आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कागदावर किंवा आराखड्याच्या साधनात आपण शेत सरळ वरून पाहतो; खेळात मात्र ते किंचित तिरके दिसते, आणि उंच वस्तू तिच्या मागचे, म्हणजे उत्तरेकडचे, चौकोन झाकून टाकते. तळ्याच्या वर आणि खाली सारखीच झाडे लावली, तर वरची रांग पाण्यामागे पडद्यासारखी उभी राहते आणि खालची रांग पाणीच झाकते. डावी-उजवी सममिती पडद्यावर टिकते, पण वर-खालची टिकत नाही. शिवाय चालताना पडद्यावर शेताचा फक्त एक तुकडा दिसत असल्यामुळे साठ-सत्तर चौकोनांवर पसरलेली सममिती संपूर्ण शेताचे छायाचित्र काढल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून सममिती वापरूच नये असे मात्र नाही. एका नजरेत मावणाऱ्या जागेत ती फार शोभते, आणि पिकाच्या वाफ्यात तर ती सोयीचीही असते. इरिडियम या धातूचा स्प्रिंकलर, म्हणजे पिकाला आपोआप पाणी घालणारे साधन, स्वतःभोवतीचे २४ चौकोन भिजवतो, म्हणजे त्याचा वाफा ५ बाय ५ चा होतो. असे चार वाफे घेऊन त्यांच्यामध्ये एका चौकोनाची अधिक चिन्हासारखी वाट सोडली, तर ११ बाय ११ चा चौरस तयार होतो, त्यात ९६ रोपे मावतात आणि वाटांच्या छेदावर बुजगावणे उभे करता येते. बुजगावण्याची राखण आठ चौकोनांपर्यंत, जवळजवळ वर्तुळाकार असल्यामुळे या चौरसाचे चारही कोपरे तिच्यात येतात. हाच मोह वाढवून तीन बाय तीन वाफे सलग लावले, तर नेमक्या मध्यावर स्प्रिंकलर येतो, बुजगावण्याला जागा उरत नाही आणि त्याला तिथे कसेबसे बसवले तरी कोपऱ्यांतली काही रोपे कावळ्यांना मोकळी राहतात.

वाफ्याच्या बाहेर पडले, की हिशेब समतोलाचा करावा. घर आणि काचघर मिळून शेताचा वरचा भाग जड करतात; त्याला उतारा म्हणून खाली डावीकडे काहीतरी भारदस्त हवे, आणि तिथे ५ बाय ५ चा मत्स्यहौद ठेवून भागत नाही, कारण तो जागा पुष्कळ घेतो पण उंचीअभावी डोळ्याला हलकाच वाटतो. सायलो, म्हणजे जनावरांचा चारा साठवण्याची उंच कोठी, उलट आहे : जागा ३ बाय ३ चीच, पण उंचीमुळे तो दुरूनही नजर ओढून घेतो. दोन सायलो आणि त्यांच्यामागे थोडी झाडी, एवढ्यावर एक कोपरा उभा राहतो. कुंपणांबद्दल एवढेच सांगता येईल, की ती वजन देत नाहीत, फक्त कडा आखतात, आणि कालांतराने मोडतात.

समतोलाची खरी कसोटी हिवाळ्यात लागते. ओक आणि मेपल यांची पाने झडतात, पाइन मात्र तसाच भरलेला राहतो; उघड्यावरचे बहुतेक पीक आणि त्याचे रंग नाहीसे होतात. उन्हाळ्यात सूर्यफुलांच्या पट्ट्याने तोलून धरलेली बाजू एका रात्रीत रिकामी होते आणि समोरचा गोठा एकदम अवजड दिसू लागतो, हे मी स्वतःच्या शेतात दोन हिवाळे पाहिले. म्हणून हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी शेतातून एकदा सावकाश फेरी मारावी, आणि जी बाजू कलली आहे तिथली इमारत सुतारकाम करणाऱ्या रॉबिनकडे जाऊन हलवून घ्यावी. त्यासाठी ती पैसे घेत नाही.