ऐंशी आणि शंभर यांमधलं अंतर

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात गावी निघणाऱ्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "पाटीवर ८० असलं तरी रस्ता मोकळा असेल तर १०० ने काय बिघडतं? वीसच तर जास्त." असं म्हणणारा माणूस बेदरकार असतोच असं नाही. बरेचदा तो सर्व्हिसिंग वेळेवर करणारा, सीटबेल्ट न चुकता लावणारा असतो. चौपदरी रस्त्यावर कारसाठी १०० ची कमाल मर्यादा केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेत आहे, हेही त्याला ठाऊक असतं. त्याचं चुकतं ते त्या 'वीसच'मध्ये.

गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो. ८० चे १०० झाले की वेग सव्वापट होतो, ऊर्जा मात्र दीडपटीहून जास्त. थांबायचं तर ही सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये आणि टायर-रस्त्याच्या घर्षणात उष्णता होऊन संपली पाहिजे. घर्षणाचं बल साधारण तेवढंच राहतं, म्हणून वाढीव ऊर्जेची भरपाई वाढीव अंतराने करावी लागते.

आता दोन सारख्या गाड्या घ्या, शेजारशेजारच्या लेनमध्ये, एक ८० वर, दुसरी १०० वर. रस्ता कोरडा, घर्षणांक (टायरची रस्त्यावरची पकड मोजणारा आकडा) ०.७. वळण संपतं आणि ७० मीटरवर दोन्ही लेन अडवून गुरं बसलेली दिसतात. दोन्ही चालकांचा पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद लागतो. तेवढ्यात पहिली गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. आणखी ३६ मीटरमध्ये ती थांबते, गुरांपासून जेमतेम हातभर अलीकडे. दुसरीचे ४२ मीटर ब्रेक लागण्याआधीच संपले. उरले २८, थांबायला हवेत ५६.

ती किती वेगाने आदळेल? मी हा प्रश्न ज्यांना विचारतो ते बहुतेक २० म्हणतात, फार तर ३०. उत्तर आहे ताशी ७० किलोमीटर.

हे पटत नाही, कारण ब्रेक मारल्यावर दर मीटरला सारखाच वेग कमी होतो असं आपण धरून चालतो. दर मीटरला सारखी कमी होते ती ऊर्जा. वरच्या वेगात ऊर्जा ठासून भरलेली असते, म्हणून नुसतं १०० वरून ८० वर यायलाच २० मीटर खर्ची पडतात. उरलेल्या ८ मीटरांत वेग कसाबसा ७० वर येतो. उलट २० वरून शून्यावर यायला सव्वादोन मीटर पुरतात. अपघात टाळणारं सगळं काम शेवटच्या काही मीटरांत होतं, आणि शंभरवाल्याला तेच मिळत नाहीत. ताशी ७० ची धडक म्हणजे सहाव्या-सातव्या मजल्यावरून खाली पडणं.

कोकणात यात पाऊस मिसळतो. घर्षणांक ०.४ वर आला की, पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा दीड सेकंद धरून, थांबायला ८० ला ९६ मीटर लागतात, १०० ला १४०. परशुराम घाटात डोंगराचं पाणी रस्त्यावर येतं तेव्हा तर आणखी वेगळं काही घडू शकतं. टायरने समोरचं पाणी बाजूला सारायचं असतं. वेग वाढला की त्या पाण्याचा दाबही वर्गानेच वाढतो आणि एका क्षणी टायर त्याच्यावर तरंगू लागतं. मग स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकला काही अर्थ उरत नाही. नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून यासाठी एक ढोबळ सूत्र दिलं: हा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाण्याचा थर पुरेसा जाड असेल तर ३३ पीएसआयला (हवेचा दाब मोजायचं, पंपावर वापरलं जाणारं एकक) तो सुमारे ९५ किलोमीटर येतो, २४ ला ८२ च्या आसपास. टायरची नक्षी झिजलेली असेल तर पातळ थरही पुरतो.

घाटातल्या अमुक वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते म्हणून गाड्या दरीत जातात, असं आजही गंभीरपणे सांगितलं जातं. ६० ला जे वळण सहज निघतं त्याला ८० ला पावणेदोनपट घर्षण लागतं. बाईची गरज नाही. बंपरच्या लिंबू-मिरचीने हा आकडा बदलत नाही, आणि जाहिरातीतल्या एबीएसनेही (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेनेही) नाही. एबीएसमुळे जोरात ब्रेक मारतानाही गाडी वळवता येते, तो फार मोलाचा गुण आहे, पण ओल्या डांबरावर नसलेली पकड ते आणू शकत नाही.

आणि हे सगळं किती वेळासाठी? १०० किलोमीटर एकसारखे १०० ने गेलात तर ८० पेक्षा १५ मिनिटं वाचतात. सणासुदीला इंदापूर-माणगावच्या कोंडीत ती कधी गेली ते कळतही नाही. मी पावसाळ्यात या महामार्गावर ७० च्या पुढे जात नाही, आणि निघण्याआधी घराजवळच्या पंपावर हवा तपासतो. टायर थंड असतानाच. तासभर पळालेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआय जास्त दिसतो, आणि कमी हवेचं टायरही तिथे ठीक वाटतं.