नकली कबूतर, एक छर्रा आणि बिनअर्जाचा परवाना

शेतात नकली कबुतरं मांडायची, आडोशाला जाळी लावून बसायचं आणि पीक खाणाऱ्या रानकबुतरांच्या खऱ्या थव्याची वाट पाहायची, ही इंग्लंडमधली रीत घडली ती बारा बोअरच्या बंदुकीसाठी. एअर रायफल तिच्यात फार उशिरा आली आणि तिने नकली पक्ष्याचं कामच बदललं. बारा बोअरवाल्याला पक्षी पंचवीस मीटरपर्यंत आला की पुरे. तो हवेत असतानाच काडतुसातल्या शेकडो छऱ्यांपैकी काही त्याला लागतात. एअर रायफलमधून सुटतो एकच छर्रा. त्यामुळे पक्षी खाली उतरला पाहिजे, त्याने पंख मिटले पाहिजेत आणि त्याची मान क्षणभर तरी स्थिर राहिली पाहिजे. निशाण डोक्यावर, म्हणजे जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं. समोरून छातीवर मारावं तर दाण्यांनी गच्च भरलेली गळपिशवी छर्रा अडवते आणि पक्षी जखमी होऊन निघून जातो.

मांडणीतला फरक इथूनच सुरू होतो. बारा बोअरवाले नकली पक्ष्यांचा घोड्याच्या नालासारखा आकार करतात, मधे मोकळी जागा सोडतात, आणि मोटरवर गरगरणाऱ्या दांड्यांना मेलेली कबुतरं लावून लांबचे थवे खेचतात. एअर रायफलवाल्यांपैकी बरेच जण हे यंत्र टाळतात. त्याने पक्षी येतो खरा, पण शेवटच्या क्षणी बिचकून वर उसळतो. त्याऐवजी पाच-सहा नकली पक्षी वाऱ्याकडे तोंड करून ठेवायचे आणि जवळच एखादं निष्पर्ण झाड हेरून ठेवायचं. आलेलं कबूतर आधी तिथे टेकतं आणि खाली नजर टाकतं. तेवढे चार-पाच सेकंदच हाती असतात. फेब्रुवारीच्या रिमझिम पावसात प्लास्टिकची पाठ चकाकू लागली की तेही मिळत नाहीत. म्हणून आता नकली पक्ष्यांवर मखमलीसारखी लव चढवलेली असते. मारलेलं कबूतर मांडणीत घ्यायचं तर हनुवटीखाली काडी रोवून मान उभी करतात आणि पंख अंगालगत मिटवतात. पंख पसरलेलं कबूतर दिसलं की पांढरे पट्टे उघडे पडतात आणि थव्याला तो धोक्याचा इशारा वाटतो. शेतातून कबुतरं हाकलण्यासाठी याच गुणाचा उपयोग होईल का, याचे प्रयोगही तिकडे झाले आहेत.

अशा नकली पक्ष्याला इंग्रजीत ‘डिकॉय’ म्हणतात. मराठीत हा शब्द रुळला तो छाप्यांच्या बातम्यांतून. गर्भलिंगनिदान करणाऱ्या केंद्रात गर्भवतीला बनावट रुग्ण म्हणून पाठवतात, त्याला आपल्या आरोग्य खात्यात सर्रास ‘डिकॉय केस’ म्हणतात. इंग्रजीत तो डच भाषेतल्या पिंजऱ्याच्या शब्दावरून आला असं मानतात. सतराव्या शतकात बदकं पकडायचे जाळीचे बोगदे इंग्लंडने डचांकडून घेतले, त्या सगळ्या रचनेला डिकॉय म्हणत. म्हणजे मूळ अर्थ सापळ्याचा, आमिषाचा नंतरचा. अमेरिकेत प्रवासी कबुतरं धरण्यासाठी डोळे शिवलेलं जिवंत कबूतर एका बैठकीवर बांधून ठेवत. ती जात संपली. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. आपल्याकडे पाळलेला तित्तिर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तित्तिर बोलावण्याची पारध्यांची कला याच कुळातली. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने पक्षी मारण्यासाठी बांधलेला, आंधळा वा जखमी जिवंत पक्षी आमिष म्हणून वापरण्यास आणि ध्वनिमुद्रित आवाज लावण्यास बंदी केली. राहिला तो निर्जीव नकली पक्षी.

दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवण्यासाठी कबुतरं मारणं हे देशकार्य मानलं गेलं, आणि युद्धानंतरही सरकार कबुतरांसाठी सवलतीत काडतुसं देत राहिलं. संशोधकांनी मात्र दाखवून दिलं की हिवाळ्यात मारलेली बरीचशी कबुतरं तशीही उपासमारीने मेलीच असती. बंदुकीने त्यांची एकूण संख्या घटत नव्हती. १९६९ मध्ये सवलत बंद झाली. त्याच वर्षीच्या नियमांनी एअर रायफलमधून सुटणाऱ्या छऱ्याच्या ऊर्जेची मर्यादा १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल ठरवली. त्याहून ताकदवान रायफलला बंदुकीसारखं प्रमाणपत्र लागतं. आजचं तीसेक मीटरचं अंतर, डोक्यावरचं निशाण, उतरलेल्याच पक्ष्यावर मारायची शिस्त, सगळं त्या एका आकड्याभोवती उभं आहे.

पुढच्या दशकांत शेतंच बदलली. आपल्या मोहरीचं भावंड असलेलं रेप नावाचं तेलबियांचं पीक शरद ऋतूत पेरलं जाऊ लागलं आणि ऐन हिवाळ्यात कबुतरांना हिरवा पाला मिळू लागला. उपासमारीचा लगाम सुटला. १९७० च्या आसपासच्या मानाने त्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली असून आज ब्रिटनमध्ये सुमारे ५० लाख जोड्या वीण घालतात.

आता त्या बिनअर्जाच्या परवान्याकडे येऊ. १९८१ च्या कायद्याने जवळजवळ सर्वच रानपक्ष्यांना संरक्षण दिलं, पण रानकबूतर, कावळा अशा काही जातींची वेगळी यादी केली. जमीनमालक किंवा त्याने परवानगी दिलेली व्यक्ती त्यांना वर्षभर मारू शकत असे. युरोपच्या पक्षीसंरक्षण निर्देशात ही सरसकट सूट बसत नव्हती. म्हणून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या जागी ‘सर्वसाधारण परवाना’ आला. अर्ज नाही, शुल्क नाही, कुठे नाव नोंदवणं नाही. सरकारी संस्था दर वर्षी एक कागद प्रसिद्ध करी आणि त्यातल्या अटी पाळणारा प्रत्येक जण आपोआप परवानाधारक ठरे. कारण मात्र ठरलेलं होतं: पिकाचं गंभीर नुकसान टाळणं किंवा सार्वजनिक आरोग्य, आणि तेही दुसरा समाधानकारक उपाय नसेल तरच. हौस किंवा कढईसाठी मांस हे कारण त्यात कधीच नव्हतं.

पंचवीस वर्षं हा कागद फार थोड्यांनी वाचला. दुसरा उपाय आहे की नाही, हे शेतात बसलेल्या माणसानेच ठरवायचं असा अर्थ रूढ झाला. २०१९ च्या सुरुवातीला एका नव्या, अगदी छोट्या संघटनेने नेमकं इथेच बोट ठेवलं: कायद्यानुसार परवाना देणाऱ्या संस्थेची स्वतःची खात्री पटली पाहिजे, ती जबाबदारी परवाना वापरणाऱ्यावर ढकलता येत नाही. सरकारी संस्थेने आपल्या वकिलांचा सल्ला घेतला आणि माघार घेतली. २३ एप्रिलला जाहीर झालं की २५ एप्रिलच्या मध्यरात्रीपासून इंग्लंडमधले तीन परवाने रद्द. त्यांत सोळा जाती होत्या.

कायद्याच्या दृष्टीने त्या संघटनेचं म्हणणं बरोबर होतं, याबद्दल मला शंका नाही. पण एप्रिलची अखेर म्हणजे वाटाणा उगवायचे दिवस. कोवळा कोंब कबुतराने खुडला तर ती ओळ परत भरून येत नाही. ज्या शेतकऱ्याने शनिवारी एखाद्या ओळखीच्या रायफलवाल्याला बोलावलं होतं, त्याला गुरुवारी कळलं की शनिवारी तोच माणूस गुन्हेगार ठरेल. वर्षानुवर्षं चुकीचा कागद काढणाऱ्या कार्यालयाने स्वतःची चूक सुधारायला दोन दिवस दिले आणि तिचा भार शेतावर टाकला. यावरचा संताप खरा होता, पण तो भलत्याच ठिकाणी उसळला. संघटनेतल्या एका प्रसिद्ध व्यक्तीच्या घराच्या फाटकाला मेलेले कावळे टांगले गेले. याचं समर्थन कुठल्याही वाटाण्याच्या शेताने होत नाही.

पुढचे काही आठवडे तुकड्यातुकड्यांनी परवाने निघाले: आधी कावळ्यांसाठी, मग मेच्या सुरुवातीला रानकबुतरांसाठी, त्यात आधी बुजगावणी वगैरे उपाय करून पाहण्याची अट. मंत्र्यांनी अधिकार आपल्याकडे घेतला, पुरावे मागवले आणि १४ जूनला नवे परवाने दिले. जानेवारी २०२१ पासून त्यांची जागा पुन्हा नव्या परवान्यांनी घेतली.

या घोळात एक जुना प्रश्न उघड्यावर आला. कबूतर कुठे मारलं तर ते पिकासाठी मारलं म्हणायचं? रात्रीच्या वस्तीला झाडांवर येणारी कबुतरं जंगलात बसून टिपणं ही एअर रायफलवाल्यांची हिवाळ्यातली आवडती पद्धत. ती पिकाशी जोडणं अशक्य नाही, पण समजावून सांगावं लागतं. नकली पक्षी मात्र पिकातच मांडलेले असतात आणि कबूतर उतरतं तेही पिकातच. मारणाऱ्याचं कारण तिथे डोळ्यांना दिसतं. म्हणून २०१९ नंतर मांडणीचा फोटो, खुडलेल्या कोंबांचा फोटो, कबुतरं हाकलायला आधी लावलेल्या पतंगांचा आणि गॅसच्या तोफांचा फोटो काढून ठेवणारे लोक वाढले. स्कॉटलंडमध्ये तर २०१६ च्या अखेरीपासून साधी एअर रायफल बाळगायलाच परवाना लागतो, आणि पक्ष्यांचा परवाना त्याहून वेगळा. एका कबुतरासाठी तिथे दोन कागद पाहावे लागतात.