दोन स्लाइड, एक पडदा

ग्रेडिंगला, म्हणजे व्हिडिओचे रंग आणि उजेड जुळवायला बसलं की मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले असे मोड, म्हणजे एक थर दुसऱ्यात मिसळण्याच्या पद्धती, एकेक लावून बघायचे आणि बरा दिसेल तो ठेवायचा, ही सवय बहुतेकांना असते. पण या मोडांमागची क्रिया कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. ती कळली की चाचपडणं थांबतं.

दोन रंगीत स्लाइड एकमेकींवर ठेवून खिडकीसमोर धरा. पहिलीने निम्मा प्रकाश जाऊ दिला आणि दुसरीने उरलेल्यातला निम्मा, तर डोळ्यापर्यंत पाव पोचतो: 0.5 × 0.5 = 0.25. हा झाला मल्टिप्लाय. त्याच स्लाइड दोन प्रोजेक्टरमधून एका पडद्यावर टाका; उजेडात उजेड मिसळतो. स्क्रीन मोड याच्या जवळचा. 0 म्हणजे काळा आणि 1 म्हणजे पांढरा धरला, तर तिथे 0.5 आणि 0.5 मिळून 0.75 होतात: 1 − (1 − 0.5) × (1 − 0.5) = 0.75, म्हणजे चित्र उजळतं पण पांढऱ्याच्या पुढे जात नाही.

1898 मध्ये जॉर्ज मेलिएस यांनी एकच फिल्म पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यातून फिरवून स्वतःचीच डोकी टेबलावर मांडून दाखवली. युक्ती काळ्या पार्श्वभूमीत होती: काळ्यातून प्रकाश येत नाही, म्हणून निगेटिव्हचा तेवढा भाग पुढच्या खेपेसाठी कोरा राहतो. धूर किंवा ठिणग्या आजही काळ्यावर चित्रित करून स्क्रीनने बसवतात, ते याचमुळे. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी पौराणिक मूकपटांतले चमत्कार दुहेरी एक्स्पोजरने साधले. एक खेप बिघडली तर आधीचं सगळं वाया, हे लक्षात घेतलं की त्यांच्या हिमतीचं फार कौतुक वाटतं.

पुढे ऑप्टिकल प्रिंटर, म्हणजे तयार फिल्मवरून दुसऱ्या फिल्मवर पुन्हा चित्रण करणारी यंत्रं आली. 1984 मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी थर एकत्र करण्याचं गणित नीट मांडलं, आणि 1994 मध्ये फोटोशॉप 3 ने लेयर घरोघरी पोचवले.

माझ्या मते ग्रेडिंगचा खरा पूर्वज मात्र लॅबमध्ये सापडतो. रंगीत फिल्म डेव्हलप होताना रंगांसोबत चांदीचीही प्रतिमा उमटते. एरवी ब्लीच आणि फिक्सर मिळून ती काढून टाकतात. 1960 मध्ये कोन इचिकावा यांच्या ‘ओतोतो’साठी छायाचित्रकार काझुओ मियागावा यांनी ब्लीचची पायरी गाळली. चांदी राहिली, म्हणजे रंगीत चित्रावर कृष्णधवल चित्राचा थर बसला: काळे गडद, रंग फिके, कॉन्ट्रास्ट करकरीत. आज आपण क्लिपचीच रंग काढलेली प्रत वर ठेवून ओव्हरले (गडद भाग आणखी गडद आणि उजळ भाग आणखी उजळ करणारा मोड) लावतो, ती याची नक्कल.

एक जागा मात्र जपायची. ही सूत्रं 0 ते 1 या मर्यादेसाठी बांधलेली आहेत. लिनियर फुटेजमध्ये, म्हणजे जिथे आकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात असतात आणि 1 च्या पुढेही जातात, तिथे दिव्याच्या उजेडाचा आकडा 2 असेल आणि वरच्या थराचाही 2, तर स्क्रीनचं सूत्र जसंच्या तसं लावल्यावर उत्तर 0 येतं, आणि दिव्याच्या मधोमध काळा डाग पडतो. तिथे स्क्रीनऐवजी साधी बेरीज वापरावी. दोन प्रोजेक्टरचा उजेड पडद्यावर तशीच बेरीज होऊन पडतो.