थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर घेताय? अर्ज भरण्याआधी वही-पेन घेऊन बसा

मूर्तिजापूर, आर्वी, साकोलीच्या पॉलिटेक्निकमधून सिव्हिल किंवा मेकॅनिकल करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला कॉम्प्युटर शाखा मागणारी पोरं आता बरीच दिसतात. नियमात ते बसतं. कोणत्याही शाखेच्या डिप्लोमात किमान ४५ टक्के (राज्यातील मागासवर्गीयांना ४०) असले की अर्ज करता येतो. बीएस्सीवाल्यांनाही वाट आहे, पण त्यांचा बारावीला गणित विषय हवा. सीईटी द्यावी लागत नाही.

अडचण पुढे येते. पहिल्या वर्षाची सी ही प्रोग्रामिंगची भाषा तुमची हुकलेली असते आणि तिसऱ्या सेमिस्टरला डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे प्रोग्राममध्ये माहिती कशी मांडायची तो विषय, समोर येतं. सर 'पॉइंटर तर झालाच असेल' म्हणून पुढे जातात. पॉइंटर म्हणजे एखाद्या माहितीचा मेमरीतला पत्ता. कॉम्प्युटर डिप्लोमावाल्याचा तो झालेला असतो. सिव्हिलवाला मात्र शेजाऱ्याच्या वहीत डोकावत बसतो.

म्हणून एक संध्याकाळ काढा. लाइट गेली असली तरी चालेल, कंदील पुरे. जिनिंगवर कापसाच्या दहा गाड्या आल्यात, त्यांची वजनं एका अ‍ॅरेत, म्हणजे एकाच नावाखालच्या ओळीत, आहेत असं समजा. सर्वांत जड गाडी शोधणारं फंक्शन, म्हणजे तेवढंच काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, वहीत लिहा. मग वजनं चढत्या क्रमाने लावा. मग गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव आणि वजन एकत्र ठेवणारं स्ट्रक्चर करून त्याचा पत्ता पॉइंटरने फंक्शनला द्या आणि तिथूनच वजन बदलून दाखवा. शेवटी १ ते १०० ची बेरीज लूप न वापरता, रिकर्शनने, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलवून.

पहिली दोन जमली आणि पॉइंटरवर अडलात, तर घाबरू नका. रोज दोन तास दिले तर सुट्टीत भरून निघतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर सीचे धडे मराठीत फुकट आहेत. पहिलंच फंक्शन सुटलं नाही, तर मात्र दुसऱ्या वर्षाचे विषय आणि सीचा पाया दोन्ही एकदम ओढावे लागतील. मी तरी त्या पोराला आपलीच शाखा घे म्हणेन. आणि एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र दाखवू नका. त्यात संगणक वापरायला शिकवतात, प्रोग्राम लिहायला नाही.

आता कागदपत्रं. दहावीची आणि डिप्लोमाच्या सेमिस्टरांची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र. आरक्षणासाठी जात प्रमाणपत्र आणि जात वैधता, ओबीसी व भटक्या-विमुक्तांना नॉन-क्रिमीलेअरही. त्यावरची ३१ मार्चची मुदत वाचून घ्या. गेल्या वर्षीचा दाखला चालवून घेतील या भरवशावर राहू नका. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून मिळतो. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्क माफीच्या जागांसाठीही अर्ज करा. सर्वांत जास्त वेळ खाते ती जात वैधता. ती फाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला लागल्याबरोबर जात पडताळणी समितीकडे गेलेली बरी.

नोंदणी राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर होते. कागद तपासून झाले की गुणवत्ता यादी लागते, मग पसंतीक्रम भरायचा. इथं कॅफेवाल्याला 'टाकून दे सगळे कॉम्प्युटर' म्हणू नका. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा लागली की ती आपोआप पक्की धरतात, पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. पहिल्या ओळीत काय टाकायचं हे घरूनच, ती वही पाहून ठरवून जा.