सेसिलिया म्हणजे "स्वर्गातली लिली" नाही

बाळाच्या नावांच्या फॉरवर्डमध्ये कायम असतं, सेसिलिया म्हणजे "स्वर्गातली लिली". अर्थ गोड आहे, १३व्या शतकातल्या संतचरित्रांतही दिलाय, त्यामुळे खरा वाटणं साहजिकच आहे. पण लॅटिनमध्ये आकाश म्हणजे कैलुम, लिली म्हणजे लीलिउम आणि नावाचा जुना उच्चार कैकिलिया, मग हा दुसरा क आला कुठून? तो कैकुस म्हणजे आंधळा या शब्दातला मानतात, त्यावरून कैकिलिउस हे रोमन घराणं, आणि तिथे मुलीला घराण्याचंच नाव लावायचे, जसं युलिउस घराण्यातली युलिया. लॅटिन डिक्शनरीत तिन्ही शब्द काढून शेजारी ठेवून बघा. रोमबाहेर आप्पियन रस्त्यावर इ.स.पूर्व पहिल्या शतकातली मोठी गोल समाधी आहे ना, तिच्या शिलालेखात पहिलाच शब्द हे नाव आहे, दोन्ही क सकट.